आत्यांनी गावाकडनं गाठोडं पाठवलंय, हिमोग्लोबिन ८.७ आलंय, यातलं काय नि कसं खाऊ?

कृष्णाकाठची_सून | ४ नोव्हेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते, सासर खटाव तालुक्यातलं, वडूजच्या पुढं. वय ३६, दोन मुलं. तीन-चार महिने झाले जिना चढला की धाप लागते, केस मुठीनं गळतात, संध्याकाळी पाय ओढत चालते, आणि एक सवय लागलीय जी कुणाला सांगितली नव्हती ती इथं सांगते, तांदूळ निवडायला घेतले की कच्चे तांदूळच तोंडात टाकते, वाटीभर कधी संपतात कळत पण नाही. शेवटी ह्यांनी बळंच नेऊन रक्त तपासायला लावलं तर हिमोग्लोबिन ८.७. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण त्यांनी इतकं मळमळायला लागलं की चौथ्या दिवशी बंद केल्या.

आत्यांना (सासूबाई) फोनवर सांगितलं तर आठवड्यात एसटीनं येणाऱ्या एका माणसाबरोबर गाठोडं आलं. बाजरी, हुलगे (कुळीथ), मटकी, कारळं, आळीव, वाळवलेला हरभऱ्याचा पाला, एक काकवीची बाटली आणि काळ्या गुळाची अर्धी ढेप. वर दिराच्या हातची चिठ्ठी, "आई म्हणते हे रोज खा, गोळ्या नको, पोट बिघडतं."

इकडं शेजारच्या काकू म्हणतात बीट नि डाळिंबाचा ज्यूस घे, ऑफिसातली मैत्रीण म्हणते गव्हाएवढा चुना खा, नणंद म्हणते गुळवेलीचा काढा. माझं डोकं चालेना झालंय. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सांगा, गाठोड्यातलं काय कसं खायचं आणि किती दिवसांत फरक पडतो?

माणदेशी_माती | ४ नोव्हेंबर, रात्री १०.३०

ताई, तुमच्या आत्यांनी सोनं पाठवलंय बघा. आमच्या माण-खटावला पाऊस नसतो, त्यामुळं जे कमी पाण्यावर येतं तेच आम्ही खात आलो, बाजरी, हुलगा, मटकी, आणि हीच धान्यं लोहाला गव्हा-तांदळापेक्षा चांगली. थंडी सुरू झालीच आहे, बाजरीची भाकरी रोज दुपारी ठेवा, वर तीळ लावून. हुलगे भाजून जाडसर दळून आणा आणि त्याचं माडगं, म्हणजे पातळ पेज, करा, नाहीतर त्याच पिठाचे शेंगोळे करा लसूण-जिरं घालून, एका जेवणाचं काम होतं. मटकीला मात्र मोड आणूनच खा. आई म्हणायची मोडाशिवाय कडधान्य अंगी लागत न्हाय.

हरभऱ्याचा पाला तर विसरूच नका. शेतात हरभरा कोवळा असताना खुडून सावलीत वाळवतात, वर्षभर पुरतो. गरम पाण्यात भिजवून, शेंगदाण्याचं कूट नि ज्वारीची कणी लावून गरगटी भाजी करायची. शहरात बायका पालक पालक करतात, पण पालकापेक्षा ही भाजी कितीतरी पुढं आहे.

आटपाडी_बागायत | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

ज्यूसवर बोलतो. आमच्या घरी डाळिंबाचीच बाग आहे, घर त्यावर चालतं, तरी खरं ते सांगतो. डाळिंबात लोह फार थोडं असतं, १०० ग्रॅम दाण्यांत अर्धा मिलीग्रॅम पण नाही. बिटात जेमतेम एक. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं लोकांना वाटतं. डाळिंब चांगलंच फळ आहे, खावं, दाणे चावून खावेत, पण हिमोग्लोबिन ८ वर असताना महिनाभर ज्यूस पीत थांबलात तर तो महिना वाया जाईल. माझ्या बहिणीचा असाच गेला, बाळंतपणाच्या आधी, नंतर रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. तेव्हापासनं मी हे प्रत्येकाला सांगतो.

निवृत्त_सिस्टर | ५ नोव्हेंबर, दुपारी २.१५

मी ३१ वर्षं सरकारी आरोग्य केंद्रात सिस्टर होते, सातारा जिल्ह्यातच, बराच काळ दुष्काळी भागात. थोडं लांब लिहिते, राग मानू नका.

पहिलं म्हणजे कच्चे तांदूळ खावेसे वाटणं. यात लाजण्यासारखं काही नाही बाळा. लोह कमी झालं की माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटतं, आजाराचंच लक्षण आहे ते. लोह भरलं की इच्छा आपोआप जाते, बहुतेक वेळा हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच जाते.

दुसरं, आकडा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, ८ ते ११ च्या आतलं म्हणजे मध्यम अॅनिमिया, ८ च्या खाली तीव्र. तू ८.७ वर आहेस म्हणजे काठावर आहेस. तू एकटी नाहीस, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना अॅनिमिया निघाला.

आता गाठोडं. बाजरीत १०० ग्रॅमला ६ ते ८ मिलीग्रॅम लोह असतं, दोन भाकरी खाल्ल्यास तर तेवढं मिळालं. पोषणाच्या राष्ट्रीय संस्थेनं २०२० साली ठरवलेली बाईची रोजची गरज २९ मिलीग्रॅम आहे. आणि धान्य-भाजीतल्या लोहातलं शंभरातलं पाच-दहा भागच अंगात शिरतं, बाकी जसंच्या तसं बाहेर. पाळीत जास्त जात असेल तर ते वेगळंच. आमच्या माण-खटावातली बाई असशील तर तुला टँकर माहिती आहे. विहीर आटली की नुसते झरे भरायची वाट बघत बसत नाहीत, आधी टँकर रिता करतात विहिरीत. तुझ्या गोळ्या हा टँकर आहे आणि गाठोडं म्हणजे झरे. दोन्ही लागतात. आत्यांना सांग, गाठोडं खाणारच आहे पण गोळ्या पण घेणार आहे.

मळमळीवर उपाय आहेत. गोळी रिकाम्या पोटी जास्त लागू पडते हे खरं, पण सोसत नसेल तर जेवणानंतर घे, रात्री झोपताना घे, नाहीतर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घे, किंवा ते दुसऱ्या प्रकारची गोळी देतील. लिंबूपाण्याबरोबर घे, चहा-दुधाबरोबर कधीच नको. शौचाला काळं होईल, घाबरून बंद करू नकोस, गोळीचाच रंग आहे तो. आणि हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून लगेच सोडायची नाही, पुढं अजून तीनेक महिने घ्यायची, कारण अंगातला साठा नंतर भरतो. बहुतेक बायका इथंच चुकतात आणि वर्षात परत तिथंच येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तू लिहिलं नाहीस. रक्त जातंय कुठं? पाळीत किती दिवस आणि किती जातं, गाठी पडतात का, मूळव्याध आहे का, जंताची गोळी कधी घेतली होती? भोक बुजवल्याशिवाय घागर भरत नाही.

कृष्णाकाठची_सून | ५ नोव्हेंबर, रात्री ९.०५

सिस्टर, वाचताना डोळ्यात पाणी आलं. तांदळाचं मी ह्यांना पण सांगितलं नव्हतं. पाळी सात-आठ दिवस जाते, पहिले तीन दिवस गाठी पडतात, दर दोन तासांनी बदलावं लागतं. धाकट्याच्या वेळेपासनं असंच आहे त्यामुळं हेच नॉर्मल समजत होते. डॉक्टरांनी विचारलं नाही, मी पण बोलले नाही. आणि चहा दिवसातनं पाच वेळा, जेवण झाल्यावर तर लागतोच. त्यानं काही होतं का?

निवृत्त_सिस्टर | ५ नोव्हेंबर, रात्री ९.४०

होतं. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, अंगात जाऊ देत नाही. कोरा असो की दुधाचा, आणि कॉफी पण तशीच. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर तासभर चहा नको, बाकी वेळी दोन कप घे. फुकटातला उपाय आहे हा. आणि उलट्या बाजूनं लिंबू, आवळा, पेरू हे लोह आत ओढून नेतात. आत्ता आवळे येतीलच बाजारात, रोज एक कच्चा मीठ लावून खा. लिंबू भाजीवर पिळायचं ते गॅसवरनं उतरल्यावर, उकळलं की त्यातलं क जीवनसत्त्व जातं.

पाळीचं मात्र अंगावर काढू नकोस, स्त्रीरोगतज्ज्ञांकडं जाऊन सोनोग्राफी कर. आणि रक्तात फेरिटिन (त्यावरनं अंगातला लोहाचा साठा कळतो) नि बी-१२ जीवनसत्त्व पण बघायला सांग.

माळकरी_घर | ६ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

बी-१२ बद्दल सिस्टरांना अनुमोदन. आमच्या घरी तीन पिढ्यांची माळ, अंडं-मटण उंबऱ्याच्या आत नाही. वडिलांना हातापायाला मुंग्या यायच्या, तोल जायचा, हिमोग्लोबिन पण कमी, दोन वर्षं आम्ही त्यांना गूळ-शेंगदाणे, खजूर, पालेभाज्या देत होतो, शेवटी बी-१२ तपासलं तर फारच खाली. हे जीवनसत्त्व कुठल्याच भाजीत-धान्यात नसतं, शाकाहारी माणसाला दूध-दह्यातनं थोडंफार मिळतं तेवढंच. इंजेक्शन घेतल्यावर महिन्यात चालण्यात फरक पडला, पण मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, उशीर झाला होता. माळ सोडायची गरज नाही, गोळी घेतली की झालं. आमचे महाराज पण हेच म्हणाले.

गुऱ्हाळघर_शिराळा | ६ नोव्हेंबर, दुपारी १.००

काळा गूळ बघून लिहावंसं वाटलं. आमचं आजोबांपासनं गुऱ्हाळ आहे, शिराळ्याच्या बाजूला. लोक बाजारात पिवळाधमक गूळ मागतात, त्यामुळं बरेच जण काहिलीत (रस उकळायची मोठी कढई) हायड्रोस नावाची रासायनिक पावडर टाकतात, रंग उजळतो. आमच्याकडं रस तापायला लागला की रानभेंडीच्या सालीचं चिकट पाणी घालतो, त्यानं मळी वर येते, ती काढत राहायची. त्यामुळं आमचा गूळ तांबूस-काळपट होतो. पण काळा म्हणजे शुद्धच असंही नाही हां, ऊस खारवट जमिनीतला असला किंवा पाक जास्त लागला तरी काळा होतो. ओळखीच्या गुळव्याकडनं घ्यावा हेच खरं. ताईंच्या आत्यांनी कुणाकडनं तरी बघूनच घेतला असणार.

लोह असतं गुळात, लोखंडी काहिलीतलं पण उतरतं थोडं, पण शेवटी ती साखरच आहे. सुपारीएवढा खडा जेवणानंतर, किंवा भाकरीबरोबर चमचाभर काकवी, बास. रक्त वाढवायचं म्हणून वाटीवाटी खाऊ नका. आमच्या भावकीत एकाला तसंच खाऊन साखर वाढलेली माहिती आहे.

मैत्रीण_ऑफिसातली | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.४५

चुन्याचा मेसेज आमच्या ग्रुपवर आलेला, त्यात लिहिलं होतं ७० आजार जातात. मी स्वतः दोन महिने दह्यात घालून घेतेय. वाईट आहे का?

निवृत्त_सिस्टर | ६ नोव्हेंबर, रात्री ८.१०

बंद कर. चुन्यानं रक्त वाढत नाही, त्यात लोह नसतं, कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियम जेवणात जास्त झालं तर लोह उलट कमी शोषलं जातं. शिवाय तो दाहक आहे, अंदाज चुकला तर तोंड, अन्ननलिका पोळते, आणि लहान मुलाच्या डोळ्यात पानाची चुन्याची डबी फुटली की डोळा जातो, असली पोरं मी स्वतः पाहिलीत. कॅल्शियम हवं तर नाचणी आहे, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास, पाटणच्या डोंगरातनं येते. तीळ आहेत, ताक-दूध आहे. नाचणी मात्र लोहासाठी म्हणून खातात ते चुकतं, लोहाला बाजरी, हुलगे, मटकी पुढं.

हरिपूरचा | ७ नोव्हेंबर, सकाळी ६.५५

सांगलीच्या माणसानं हळदीवर बोललंच पाहिजे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आमच्या हरिपुरात जमिनीखाली पेवं आहेत, रांजणासारखी, तोंड लहान नि आत खोल, त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, माणसं गुदमरून गेलीत त्यात. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, माझ्या वडिलांनी ते दोन दिवस पाण्याच्या कडेला बसून काढले.

माझं म्हणणं एवढंच, सुटी भगभगीत पिवळी पूड घेऊ नका. रंगासाठी तिच्यात लेड क्रोमेट घालतात काही ठिकाणी, म्हणजे शिसं, पोराबाळांच्या मेंदूला वाईट आणि रक्ताला पण वाईट. हळकुंड घ्या, फोडून बघा, आत नारिंगी दिसलं पाहिजे, घरी नाहीतर डोळ्यासमोर गिरणीत दळून घ्या. ताई, स्वयंपाकातली हळद बिनधास्त घाला, पण त्या हळदीच्या अर्काच्या महागड्या कॅप्सूल सध्या नको, त्या जास्त झाल्या की लोह शोषायला अडथळा येतो.

वैद्य_कराड | ७ नोव्हेंबर, रात्री १०.१५

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, कराडला प्रॅक्टिस. गुळवेल चांगली वनस्पती आहे, पण ती रक्त वाढवायचं औषध नाही आणि कुंपणावरची कुठलीही वेल तोडून महिनोन्महिने काढा पिणं बरोबर नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल पण असते. कोरोनानंतर काही रुग्णांच्या यकृताला त्रास झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं, त्यावर वाद झाला, तरी माझ्याकडं येणाऱ्याला मी स्वतःच्या मनानं काढा घेऊ देत नाही. लोहभस्म, मंडूर या लोहाच्या औषधांचा पांडुरोगात, म्हणजे अॅनिमियात, उपयोग सांगितला आहे, पण भस्म नीट मारलेलं नसेल तर त्यातनं विषारी धातू पोटात जातात, म्हणून जत्रेतल्या तंबूतनं किंवा ऑनलाइन पुडी मागवून कधीच घेऊ नये. आणि कुणी दुधीचा रस सुचवला तर आधी चाखा, कडू लागला तर थुंका, कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलीत.

आळीव चमचाभर, लिंबूपाण्यात दोन तास भिजवून घ्या. दिवस गेले असतील तर मात्र आळीव टाळतात, ते बाळंतपणानंतरचं.

निवृत्त_सिस्टर | ८ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

वैद्यबुवा, फार बरं वाटलं तुम्ही हे लिहिलंत.

एक राहिलं, नॉनस्टिक बाजूला ठेव आणि लोखंडी कढई काढ. चिंच-टोमॅटो-आमसूल घातलेली आमटी-भाजी तिच्यात केली की लोह उतरतं अन्नात. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. आणि मीठ आयोडीनचंच ठेव, सैंधव हवं तर ताकात चिमूटभर, पण रोजच्या स्वयंपाकाला सगळं सैंधव केलं की आयोडीन जातं घरातनं.

कृष्णाकाठची_सून | २३ नोव्हेंबर, रात्री ९.२०

अपडेट देते. सोनोग्राफीत गर्भाशयात दोन छोट्या गाठी निघाल्या, साध्या आहेत, रक्तस्रावावर औषध सुरू झालंय. फेरिटिन ६ आलं, बी-१२ पण कमी. गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर घेते, मळमळ नाही. जेवणानंतरचा चहा सोडला, पहिला आठवडा डोकं ठणकलं, आता नाही. आणि गेल्या मंगळवारी तांदूळ निवडले, सगळे डब्यात भरले, नंतर लक्षात आलं की एकही दाणा तोंडात टाकला नाही.

कृष्णाकाठची_सून | ११ जानेवारी, रात्री १०.४०

माझं हिमोग्लोबिन ११.३ झालं. पण आज दुसऱ्याच कामासाठी लिहितेय.

पुसेगावच्या यात्रेसाठी गावी गेलो होतो. आत्या नळावरनं हंडा आणताना दोनदा टेकल्या. स्वतः आजारी होते म्हणून मला आता ते दिसतं, ओठ पांढरे, नखं चपटी. घरात बाजरी आहे, हुलगे आहेत, पण त्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर चुलीपुढं बसून उरलेलं खातात, बऱ्याचदा चहात भाकरी कुस्करून. मला गाठोडं बांधून देणारी बाई स्वतः चहा-भाकरीवर. आरोग्य केंद्रात नेलं तर ७.६. वय ६१. सिस्टर, त्यांना माझ्याच गोळ्या सुरू करू का?

निवृत्त_सिस्टर | ११ जानेवारी, रात्री ११.०५

थांब. पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईचं ७.६ म्हणजे रक्त आतनं कुठंतरी जातंय असं धरून चालायचं, नुसत्या गोळ्या देऊन झाकायचं नाही. गुडघेदुखीच्या गोळ्या घेतात का मेडिकलमधनं? शौचाला डांबरासारखं काळं होतं का? या आठवड्यातच फिजिशियनकडं ने, एंडोस्कोपी लागेल. धाप बसल्या जागी लागायला लागली किंवा चक्कर आली तर वाट न बघता दवाखान्यात भरती कर.

कृष्णाकाठची_सून | ३० जानेवारी, रात्री ८.५०

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. दोन वर्षं रोज उपाशीपोटी गुडघ्याची गोळी, कुणाला माहितीच नव्हतं, बाजारात गेल्या की दहाची पट्टी आणायच्या. जठरात अल्सर होता, त्यातनं रक्त जात होतं. कॅन्सर नाही, तुकडा तपासला. रक्ताची एक पिशवी दिली, ती गोळी बंद झाली, अल्सरचं औषध चालू आहे, आता इथं सांगलीतच आहेत आमच्याकडं. परवापासनं मी त्यांना मुलांबरोबर पहिल्या पंगतीला बसवते, दोन दिवस नको नको म्हणाल्या, आज स्वतःहून ताट घेऊन बसल्या.

माणदेशी दादा, डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय, साखर पण थोडी वर निघालीय त्यामुळं गूळ नको. त्यांना माडगं हवंय, कसं करू?

माणदेशी_माती | ३० जानेवारी, रात्री ९.१५

दोन चमचे भाजलेल्या हुलग्याचं पीठ वाटीभर गार पाण्यात आधी नीट कालवा, गुठळी राहता कामा नये. दोन वाट्या पाणी उकळत ठेवा, मीठ नि जिऱ्याची पूड टाका, मग कालवलेलं हळूहळू सोडा आणि हात न थांबवता ढवळा. दहा मिनिटं बारीक आचेवर, कच्चा वास गेला पाहिजे. उतरल्यावर चमचाभर तूप. कोमट प्यायला द्या आत्यांना, आणि वर लगेच चहा मागितला तर देऊ नका.